जांभ्याच्या सड्यावरचे गवत आणि मातीत अडकलेले धातू

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत समुद्राला लागून जे सपाट माथ्याचे सडे पसरलेले आहेत, त्यांवरच्या गवताखालच्या मातीत जस्त, तांबे, कोबाल्ट यांसारखे धातू कोणत्या खनिजाने आणि किती घट्ट धरून ठेवले आहेत, हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होता. दापोलीत मृदाशास्त्र शिकत असताना हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. राजापूरच्या बाजूला सड्यावरच्या वरकस जमिनीतील गवतावर गुरे पोसणाऱ्या काही घरांमध्ये मातीचे आणि चाऱ्याचे तपासणी अहवाल मला पाहायला मिळाले होते, आणि ते दोन्ही शेजारी ठेवले की त्यांचा मेळ बसत नव्हता. मातीत एकूण तांबे आणि जस्त चांगले होते, गवतात मात्र दोन्ही कमी पडत होते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबे मुळातच बरेच असते आणि इथला जांभा बहुतेक ठिकाणी त्याच बेसाल्टपासून झालेला आहे, त्यामुळे मातीच्या अहवालात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. मातीत असलेला धातू मुळापर्यंत का पोहोचत नाही, हे शोधायचे होते.

जांभा कसा तयार होतो हे कोकणातल्या माणसाला निदान ढोबळमानाने माहीत असते, पण या प्रश्नासाठी त्यातला एक भाग नीट समजून घ्यावा लागतो. इथे पावसाळ्याच्या चार महिन्यांतच ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. असे पाणी लाखो वर्षे खडकातून झिरपत राहिले की त्यातील सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि हळूहळू सिलिकासुद्धा धुऊन जाते. मागे उरतात ते लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, कारण त्यांना पाणी सहजी विरघळवू शकत नाही. मातीचा पिवळट तपकिरी रंग गोथाइटचा, लाल रंग हेमाटाइटचा; दोन्ही लोहाचेच ऑक्साइड. त्यांच्या जोडीला पांढरट गिब्साइट हा ॲल्युमिनियमचा ऑक्साइड आणि केओलिनाइट ही चिकणमाती. मँगनीजचे काळे ऑक्साइड प्रमाणाने फारच थोडे असतात, पण पुढे त्यांनीच माझा सर्वाधिक वेळ घेतला. सड्यावर कातळाच्या खोलगट भागात वीतभर, कधी त्याहूनही कमी माती साचलेली असते. गवताची सगळी मुळे त्या पातळ थरातच असतात, म्हणजे गवताचा संबंध जवळजवळ पूर्णपणे या ऑक्साइडांशीच येतो. काळ्या मातीच्या प्रदेशात शिकवली जाणारी पुष्कळशी मृदारसायनाची गृहीतके इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे मला पहिल्यापासून जाणवत होते.

नमुने घेण्याचे काम बाहेरून सोपे दिसते, पण सूक्ष्म धातूंच्या बाबतीत निम्मी लढाई तिथेच असते. आपण ज्याचे मोजमाप करणार आहोत ते मातीत किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजावे लागते, आणि त्यातला मुळांना मिळण्याजोगा भाग बहुधा एका मिलिग्रॅमच्याही आत. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, गंजलेले घमेले, रबर, पावडर लावलेले हातमोजे यांतल्या कशाचाही स्पर्श झाला तरी जस्ताचा आकडा बिघडू शकतो. म्हणून मी लाकडी फळीच्या धारेने आणि प्लास्टिकच्या खुरप्याने माती काढत असे, ती कापडावर न पसरता स्वच्छ प्लास्टिकवर सावलीत वाळवत असे आणि २ मिलिमीटरच्या नायलॉनच्या चाळणीतून चाळत असे, कारण पितळी चाळणीत तांबे आणि जस्त दोन्ही असतात. कुटण्यासाठी अकीक दगडाचा खल. प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून आणि डीआयोनाइज्ड पाण्याने पुन्हा पुन्हा विसळून घेतल्याशिवाय वापरायची नाही, हा नियम आमच्या मार्गदर्शक मॅडमनी घालून दिला होता आणि त्यात त्या कोणालाही सवलत देत नसत. प्रत्येक तुकडीबरोबर मातीविना एक कोरा नमुना शेवटपर्यंत न्यायचा, हा त्यांचा दुसरा नियम. त्या कोऱ्या नमुन्याचा आकडा वहीत सर्वांत आधी लिहायचा, मग बाकीचे.

पहिले मोजमाप सामूचे, म्हणजे पीएचचे; तो ७ च्या जितका खाली तितकी माती आम्लधर्मी. एकाच मातीचा सामू मी दोन प्रकारे घेत असे, एकदा साध्या पाण्यात आणि एकदा पोटॅशियम क्लोराइडच्या १ मोलर द्रावणात. बहुतेक मातीत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली असतो, कारण ऋणभारित कणांना चिकटलेले हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम यांना पोटॅशियम हुसकावून बाहेर काढते. सड्यावरच्या मातीत पाण्यातला सामू ५ ते ६ च्या दरम्यान येत होता. मुळांच्या जाळीतल्या वरच्या मातीत दोन आकड्यांमधला फरक ठळक होता, पण कातळालगतच्या खालच्या मातीत तो आक्रसत गेलेला दिसला. अगदी साध्या उपकरणावर, दोन चंचुपात्रांमध्ये दिसणारी ही गोष्ट आहे, पण तिचा अर्थ मोठा आहे. वरच्या थरात कुजलेल्या मुळांचे सेंद्रिय पदार्थ ऋणभार पुरवतात. खाली गेल्यावर ते कमी होतात आणि ऑक्साइडांचे राज्य सुरू होते. लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा भार पक्का नसतो, तो भोवतालच्या सामूप्रमाणे बदलतो. गोथाइट, हेमाटाइट, गिब्साइट यांचा शून्यभार बिंदू, म्हणजे ज्या सामूला पृष्ठभागावरचा एकंदर भार शून्य होतो तो, साधारण ७.५ ते ९.५ या पट्ट्यात येतो. त्याच्या खालच्या सामूला त्यांचा पृष्ठभाग एकंदरीत धनभारित असतो. आमच्या मातीचा सामू त्याच्या कितीतरी खाली होता.

इथे मी बराच काळ अडखळले. जस्त, तांबे, कोबाल्ट यांचे आयनही धनभारितच असतात. दोन धनभार एकमेकांना दूर लोटतात हे शाळेत शिकलेले असते. मग धनभारित गोथाइटने तांब्याला धरून ठेवायचे ते कसे? पुस्तकात उत्तर होते, पण मला ते प्रत्यक्ष पाहायचे होते, म्हणून मॅडमच्या परवानगीने मी प्रयोगशाळेत शुद्ध गोथाइट तयार केले. फेरिक नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळले की लालसर तपकिरी, लिबलिबीत साका बसतो. ते फेरिहायड्राइट, म्हणजे लोहाचे ताजे, नीट स्फटिक न झालेले ऑक्साइड. ते तसेच अल्कधर्मी द्रावणात ७० अंश सेल्सिअसला ६० तास ठेवले की त्याचा रंग पालटत जातो आणि शेवटी बाटलीच्या तळाशी हळदीकडे झुकणारी पिवळी भुकटी दिसू लागते. ती धुऊन, सगळे क्षार निघून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा सेंट्रिफ्यूज करून घ्यायची.

या गोथाइटचे पातळ मिश्रण मी सोडियम नायट्रेटच्या द्रावणात ढवळत ठेवले, नायट्रोजन वायू सोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला, सामू ५ वर स्थिर होऊ दिला आणि ब्युरेटमधून तांब्याच्या नायट्रेटचे थेंब सोडायला सुरुवात केली. तांब्याच्या द्रावणाचा सामूही आधीच ५ वर आणून ठेवलेला होता. तरीही प्रत्येक थेंबागणिक मीटरवरचा आकडा खाली सरकत गेला. गोथाइट नसलेल्या दुसऱ्या पात्रात तेच थेंब सोडले, तेव्हा आकडा जवळपास हलला नाही. घडत होते ते असे. ऑक्साइडच्या पृष्ठभागावर लोहाला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. तांब्याचा आयन त्या गटातल्या ऑक्सिजनला थेट जाऊन जोडला जातो आणि तिथला हायड्रोजन आयन सुटून पाण्यात येतो. हे विद्युतभाराचे वरवरचे आकर्षण असते, तर धनभारित पृष्ठभागावर ते झालेच नसते. हा रासायनिक बंध आहे. आयन स्वतःभोवतीचे पाण्याचे कवच काही अंशी टाकून पृष्ठभागाचा भाग होतो, आणि तो बंध भारामुळे होणाऱ्या अपकर्षणावर मात करण्याइतका बळकट असतो. सुटलेले हायड्रोजन मी मीटरवर मोजत होते. त्या दिवसापासून या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, असे मी निःसंकोच म्हणेन.

याच देवघेवीत सामूचे महत्त्व दडलेले आहे. बंध होताना हायड्रोजन सुटत असेल, तर द्रावणात हायड्रोजन जितका जास्त तितका बंध होणे अवघड, आणि सामू वाढला की सोपे. प्रत्येक धातूसाठी एक अरुंद पट्टा असतो. त्याच्या खाली धातू जवळजवळ सगळा पाण्यात राहतो, त्याच्या वर जवळजवळ सगळा ऑक्साइडवर जातो, आणि हे सगळे सामूच्या एक-दोन एककांच्या आत घडते. हा पट्टा शोधण्यासाठी मी एकाच मिश्रणाच्या अनेक नळ्या लावत असे, प्रत्येक नळीचा सामू नायट्रिक आम्ल किंवा सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाने थोडा थोडा वाढवत नेत असे, २४ तास त्या हलवत ठेवत असे, मग सेंट्रिफ्यूज करून ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेले पाणी ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या, म्हणजे द्रावणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर वाचत असे. तांबे आणि शिसे सर्वांत आधी, म्हणजे सर्वांत आम्लधर्मी परिस्थितीत पकडले जातात, नंतर जस्त, निकेल, कोबाल्ट आणि कॅडमियम त्याहूनही वरच्या सामूला. ज्या धातूचे आयन पाण्यात लवकर जलविघटित होतात, म्हणजे हायड्रॉक्सिल गटाशी ज्यांची जवळीक जास्त, तेच ऑक्साइडलाही लवकर चिकटतात. सोडियम नायट्रेटचे प्रमाण दहापट वाढवून पाहिले तरी तांब्याचा आलेख जागचा हलला नाही. नुसत्या विद्युतभाराने लटकलेल्या आयनांना एवढ्या सोडियमने नक्कीच हुसकावले असते.

शुद्ध गोथाइटवर जे दिसले ते सड्याच्या मातीत जसेच्या तसे दिसेल अशी अपेक्षा मी केली नव्हती, आणि तसे ते दिसलेही नाही. मातीत ऑक्साइड एकटे नसतात. त्यांच्यावर ह्यूमसचा, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा लेप असतो, केओलिनाइटच्या पत्र्यांवर ते स्वतः लेप होऊन बसलेले असतात, आणि तांब्याला तर सेंद्रिय पदार्थांची इतकी ओढ असते की वरच्या थरात ऑक्साइडच्या आधी ह्यूमसच त्याला गाठतो. म्हणून मातीतला कोणता धातू कोणाकडे आहे हे शोधण्यासाठी क्रमवार निष्कर्षणाची पद्धत वापरतात. एकाच मातीवर आधी सौम्य आणि मग अधिकाधिक तीव्र द्रावणे वापरत जायचे, आणि प्रत्येक पायरीला काय सुटले ते मोजायचे. टेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेली योजना सर्वांत प्रसिद्ध आहे, पण तिच्यात मँगनीज आणि लोह या दोघांचे ऑक्साइड एकाच पायरीत विरघळतात. जांभ्याच्या मातीसाठी मला ते पटले नाही. जिथे सगळी माती लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेली आहे, तिथे त्यांना एकाच खान्यात टाकून काय कळणार? त्यामुळे आम्ही ती पायरी तीन भागांत फोडली.

पहिला भाग मँगनीजचा. हायड्रॉक्सिलअमिन हायड्रोक्लोराइडचे ०.१ मोलर द्रावण सौम्य नायट्रिक आम्लात करून अर्धा तास हलवले की मँगनीजचे ऑक्साइड विरघळतात आणि लोहाचे बहुतांश जागच्या जागी राहतात. १९७२ पासून ही पद्धत वापरात आहे. दुसरा भाग ताज्या, अस्फटिक लोह ऑक्साइडांचा. त्यासाठी अमोनियम ऑक्झलेटचे ०.२ मोलर द्रावण, सामू ३, चार तास, आणि हे सगळे अंधारात. अंधाराची अट अनेकांना कर्मकांडासारखी वाटते, पण तिच्यामागे स्पष्ट कारण आहे. प्रकाश पडला की ऑक्झलेट लोहाचे क्षपण करू लागते, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन विरघळणाऱ्या रूपात आणते, आणि स्फटिकी गोथाइट-हेमाटाइटसुद्धा विरघळायला लागतात. मग ताजे किती आणि जुने किती हा भेदच उरत नाही. आम्ही नळ्यांना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून त्या खोक्यात घालत असू आणि खोलीचे दिवे मालवूनच गाळणी करत असू.

तिसरा भाग स्फटिकी ऑक्साइडांचा, आणि तो डोळ्यांनी पाहण्यासारखा असतो. सोडियम सायट्रेट आणि बायकार्बोनेटच्या द्रावणात माती घेऊन ती ७५ ते ८० अंशांपर्यंत गरम पाण्यात ठेवायची आणि चिमूटभर सोडियम डायथायोनाइट टाकून ढवळायचे. गंधकाचा उग्र वास सुटतो. काही मिनिटांत मातीचा लाल रंग विरू लागतो, आधी फिकट विटकरी, मग मळकट, आणि पुन्हा डायथायोनाइट घातल्यावर सेंट्रिफ्यूजच्या नळीच्या तळाशी करडी माती उरते, वर पिवळसर द्रावण. कोकणातली माती म्हटले की जो रंग डोळ्यांसमोर येतो तो सगळा त्या द्रावणात उतरलेला असतो, आणि लाल रंग हा मातीच्या कणांवरचा लेप होता हे तेव्हा दिसते. तापमान ८० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, नाहीतर गंधकाचा साका पडतो. सायट्रेटच्या घट्ट द्रावणाने यंत्राचा बर्नर तुंबतो, म्हणून द्रावण सौम्य करावे लागते आणि तुलनेसाठीची प्रमाणित द्रावणेही त्याच सायट्रेटमध्ये बनवावी लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाजारात मिळणाऱ्या सोडियम डायथायोनाइटमध्ये जस्ताची भेसळ पुष्कळदा असते, कारण ते बनवण्याच्या एका जुन्या पद्धतीत जस्ताची भुकटीच वापरली जाते. मॅडमच्या कोऱ्या नमुन्याच्या नियमाचे मोल मला या पायरीवर पुरते कळले. या पायरीतला जस्ताचा आकडा मी प्रबंधात दिला, पण त्याच्यावर कोणताही निष्कर्ष उभा केला नाही. त्याऐवजी एकूण जस्तातून बाकीच्या पायऱ्यांचे जस्त वजा करून काय उरते ते पाहिले.

क्रमवार निष्कर्षणावर टीका करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. एका पायरीत सुटलेला धातू दुसऱ्या खनिजाला पुन्हा चिकटू शकतो, आणि कोणतेही द्रावण एकाच खनिजाला ओळखून विरघळवत नाही. धातूच्या अणूभोवती नेमके कोणते अणू किती अंतरावर आहेत हे पाहायचे असेल तर सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या प्रखर क्ष-किरणांवर करायचा एक्झाफ्स हा प्रयोग लागतो, आणि त्याची सोय आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर आहे. तरीसुद्धा एकाच सड्यावरच्या, एकाच पद्धतीने हाताळलेल्या नमुन्यांची आपापसात तुलना करायला ही पद्धत उपयोगी आहे, असे माझे मत झाले आणि ते आजही आहे. आमच्या मातीत चित्र असे दिसले की सहज बदलता येण्याजोगे जस्त आणि तांबे अगदी नगण्य होते. तांब्याचा मोठा वाटा ह्यूमस आणि लोह ऑक्साइड यांच्यात विभागलेला होता. आणि जस्ताचा सर्वांत मोठा हिस्सा स्फटिकी ऑक्साइडांत आणि त्याहूनही मागे उरलेल्या खनिजांत होता. गोथाइटचा स्फटिक वाढत असताना जस्त, निकेल, कोबाल्ट यांचे अणू लोहाच्या जागी बसू शकतात. असा अणू गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आतल्या थरातल्या चिऱ्यासारखा असतो, गडगा उसकटल्याशिवाय तो बाहेर निघत नाही. एकूण धातूचा आकडा हे अणूही मोजतो. डीटीपीए या धातू वेढून घेणाऱ्या रसायनाची जी चाचणी आपल्याकडे उपलब्ध जस्तासाठी सर्रास वापरतात, ती त्यांना शिवतही नाही. त्या चाचणीत जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेले की कमतरता मानतात, आणि आमचे बरेच नमुने त्या रेषेच्या आसपास घोटाळत होते. दोन अहवालांमधल्या विसंगतीचे बहुतेक उत्तर इथेच होते.

कोबाल्टची गोष्ट निराळी निघाली. सड्यावर काही ठिकाणी मातीत वाटाण्याएवढ्या काळ्या गुठळ्या सापडतात आणि चिऱ्याच्या भोकांमध्ये काळा लेप असतो. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब सोडला की तो तत्काळ फसफसतो. सेंद्रिय काळेपणा इतक्या जोरात फसफसत नाही, म्हणून मँगनीज ओळखण्याची ही सड्यावरच करता येण्याजोगी परीक्षा आहे. मँगनीजच्या ऑक्साइडांचा शून्यभार बिंदू फार खाली, बर्नेसाइट या मँगनीज ऑक्साइडच्या बाबतीत २ ते ३ च्या आसपास असतो, त्यामुळे आम्लधर्मी मातीतही ते ऋणभारित राहतात आणि धनभारित आयनांना ओढून घेतात. कोबाल्टच्या बाबतीत ते आणखी पुढे जातात. ते द्विसंयुजी कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करून त्याला त्रिसंयुजी करतात, आणि त्या रूपातला कोबाल्ट जवळजवळ विरघळतच नाही. मँगनीज काढण्याच्या त्या अर्ध्या तासाच्या पायरीत मातीतल्या कोबाल्टचा फार मोठा भाग बाहेर आला, आणि जिथे गुठळ्या जास्त तिथे तो वाटाही जास्त. ऑस्ट्रेलियाच्या मातीत हेच नाते १९६० च्या दशकात दाखवले गेले आहे. गवताला स्वतःला कोबाल्टची फारशी गरज नसते, पण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणू त्याच्यापासून बी-१२ जीवनसत्त्व बनवतात. चाऱ्याच्या कोरड्या वजनात किलोला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास कोबाल्ट नसेल तर गुरे मेंढ्या-शेळ्यांसकट खंगत जातात, भूक मंदावते. हिरवेगार गवत डोळ्यांसमोर असताना हे घडते, म्हणून ते लवकर ओळखू येत नाही.

पावसाळ्यात हे सगळे चित्र हलते. जुलैमध्ये सड्यावर पाय ठेवला की खोलगट भागांत घोट्याएवढे पाणी साचलेले असते आणि त्याखालच्या मातीत हवा पोहोचत नाही. जिवाणू श्वसनासाठी आधी नायट्रेट, मग मँगनीजचे ऑक्साइड आणि त्यानंतर लोहाचे ऑक्साइड वापरू लागतात. ऑक्साइड विरघळले की त्यांनी धरलेले धातूही सुटतात. डबक्याच्या कडेला जिथे पाणी झिरपून बाहेर येते तिथे तेलकट रंगीत तवंग दिसतो. काडीने छेडला तर तेलासारखा पुन्हा जुळून येत नाही, पापुद्र्यासारखा तुटतो. तो विरघळलेल्या लोहाचे हवेत पुन्हा ऑक्सिडीकरण होताना बनलेला असतो, आणि त्याच्या खाली नारिंगी गाळ साचतो. हा गाळ म्हणजे ताजे फेरिहायड्राइट. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग २०० चौरस मीटरहूनही जास्त असू शकतो, त्यामुळे सुटलेले धातू वाहून जाण्याआधीच पुष्कळदा तोच त्यांना पुन्हा पकडतो. अशा मातीचे नमुने वाळवून चालत नाही, कारण वाळताना लागलेली हवाच सगळी अवस्था पालटून टाकते. आम्ही ते काठोकाठ भरलेल्या नळ्यांत, बर्फात ठेवून दापोलीला आणत असू आणि नायट्रोजनखाली उघडत असू. ओल्या नमुन्यांत मँगनीज आणि कोबाल्ट विरघळलेल्या अवस्थेत स्पष्ट दिसले, आणि त्याच जागची माती दिवाळीनंतर तपासली तेव्हा ते पुन्हा ऑक्साइडांत परतलेले होते. म्हणजे गवत जेव्हा जोमाने वाढत असते नेमक्या त्याच महिन्यांत धातूंचा काही भाग मोकळा होतो, आणि कापणीपर्यंत माती त्याला परत ओढून घेते. चाऱ्याचा नमुना कोणत्या महिन्यात घेतला हे अहवालात लिहिलेले नसेल, तर त्या अहवालाला फारसा अर्थ नाही असे मी म्हणेन.

गवतही स्वस्थ बसलेले नसते. गवतवर्गीय वनस्पतींच्या मुळांतून म्युजिनेइक आम्लांच्या जातीची द्रव्ये स्रवतात. ती ऑक्साइडमधले लोह वेढून मुळापर्यंत आणतात आणि त्याबरोबर थोडे जस्त व तांबेही उचलतात. ऑक्साइडांनी भरलेल्या, पातळ थराच्या कातळावर गवत तग धरते त्याच्या कारणांपैकी हे एक असणार.

प्रबंधाचे काम संपत आले असताना राजापूरच्या त्या गुरे पोसणाऱ्या घरांपैकी एका काकांनी मला विचारले, "राब भाजतो तशी राख या गवताच्या जमिनीवर टाकली तर धातू सुटतील काय गो?" (राब म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजणे.) हा प्रश्न मी परत आल्यावर कुंड्यांमध्ये लावून पाहिला. राख अल्कधर्मी असते, ती सामू वाढवते. सामू वाढला की वर सांगितलेल्या पट्ट्याप्रमाणे जस्त आणि कोबाल्ट ऑक्साइडवर आणखी घट्ट बसतात, आणि कुंड्यांतल्या डीटीपीए जस्ताचा आकडा त्याप्रमाणे खाली आला. राखेतले पोटॅशियम गवताला मिळते हे खरे, पण ज्या कमतरतेसाठी ती टाकायची ती याने वाढण्याचीच शक्यता जास्त. याशिवाय मॉलिब्डेनमचा विचार करावा लागतो. ते मातीत मॉलिब्डेट या ऋणभारित रूपात असते, म्हणून त्याचे वागणे बाकीच्या धातूंच्या बरोबर उलट असते. आम्लधर्मी मातीत लोह ऑक्साइड त्याला घट्ट धरतात आणि सामू वाढला की सोडतात. चाऱ्यात मॉलिब्डेनम वाढले तर ते गुरांच्या पोटात गंधकाबरोबर मिळून तांब्याला बांधून टाकते, आणि आधीच तांबे कमी असलेल्या चाऱ्यातून गुरांना मिळणारे तांबे आणखी घटते. हे मी काकांना सांगितले. राख परसातल्या मिरचीच्या वाफ्याला टाका, गवताच्या जमिनीवर कुजलेले शेणखत पसरा, आणि गुरांना तांबे, जस्त, कोबाल्ट हे क्षार-मिश्रणातून पशुवैद्यकांनी सांगितलेल्या मापाने द्या, असे सुचवले. त्यांनी गवताच्या जमिनीचा एक कोपरा तरीही राखेसाठी वेगळा ठेवला आहे, आणि पुढच्या पावसानंतर त्या कोपऱ्यातले आणि शेजारचे गवत दोन वेगळ्या पेंढ्या बांधून तपासायला पाठवायचे ठरले आहे. या वेळी चाऱ्याच्या तपासणीत मॉलिब्डेनमही मोजले जाईल.